कोयते किती?

माझं दुकान केजला तहसीलीसमोर आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाइन फॉर्म. ज्यांना फॉर्म भरता येत नाहीत अशा लोकांवर माझं घर चालतं, हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मला साळसूद समजायला नको. उद्या सगळ्यांनी सोपे फॉर्म काढले तर मला शटर ओढावं लागेल. पण तसं काही होताना दिसत नाही. वीस वर्षं बघतोय, दरवर्षी एखादा रकाना वाढतोच.

अशा माणसाच्या दुकानात येऊन वनमालानं मागची खोली भाड्यानं मागितली. मला वाटलं, क्लास काढायचाय.

"क्लास न्हाई, रामेश्वरदादा. टेस्ट घ्यायच्यात."

"पोरांच्या?"

"ॲपच्या. माणसं नुसती वापरून बघणार. माणूस अडला की ॲप नापास."

मला हसू आलं. माझ्या काउंटरवर अडलेला प्रत्येक माणूस आजवर स्वतःलाच नापास समजून मान खाली घालून गेला होता, आणि खरं सांगायचं तर मीही त्यालाच नापास समजत होतो. फॉर्म नापास होऊ शकतो हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. खोली दिली. तिथं रद्दी होती, ती हलवली.

वनमाला धारूरच्या डोंगराकडची. आईबाप ऊसतोडीला जाणारे. तिचं अर्धं बालपण उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत गेलं आणि अर्धं वसतिगृहात. डी.एड. केलं, नोकरी लागली नाही. संगणकाच्या क्लासमध्ये शिकवलं. लग्न झालं आणि तीन वर्षांत ती माहेरी परत आली. त्याबद्दल ती बोलत नाही, मीही खोदत नाही. तेव्हापासून दसरा झाला की आईबाप आणि भाऊ-भावजय कर्नाटकाच्या नाहीतर पश्चिम महाराष्ट्राच्या वाटेला लागायचे आणि भावाच्या दोन पोरी, एक शेळी आणि दोन खोल्या वनमालाच्या गळ्यात पडायच्या. सहा महिने. घराला कुलूप लागू नये म्हणून ठेवलेलं माणूस, असं ती स्वतःबद्दल एकदा म्हणाली होती. म्हणाली ती हसत, पण मला काही हसता आलं नाही.

पुण्याच्या एका कंपनीचं हे काम तिला ऑनलाइन मिळालं होतं, कंत्राटावर. तिथले अभिमन्यू सर फोनवर तिचे साहेब. दोन फेऱ्या नीट पार पडल्या तर पुण्यात कायमची जागा देऊ, असं त्यांनी सांगितलं होतं. वनमाला चौतिशीला आली होती. तिला त्या दोन खोल्यांतून बाहेर पडायचं होतं आणि ते सांगायला ती लाजत नव्हती. "दादा, ही एकच गाडी हाय. हुकली की मी बसले शेळी राखत," एवढं सरळ बोलायची.

ॲप होतं ऊसतोड मजुरांच्या नोंदणीचं. मजुरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं ते पुण्याच्या कंपनीकडून बनवून घेतलं होतं. तोडीला निघण्याआधी मोबाईलवर नोंद करायची की फोटोचं कार्ड मिळणार. फडात कुणाला कोयता लागला, मोळी घेऊन गाडीवर चढताना कुणी पडलं, तर कार्डावर ज्याचं नाव त्याचा दवाखाना संस्था बघणार. नाव नसलं तर नाही. एका मोबाईल नंबरावर एकच नोंद.

पहिली फेरी आषाढात झाली. त्या आधी तिनं माझ्यावर रंगीत तालीम घेतली. मला टेबलापुढं बसवलं, हातात मोबाईल दिला, वर स्टँडला दुसरा मोबाईल लावला, माझी बोटं टिपायला. मग कागदावरून वाचून दाखवलं, "ही तुमची परीक्षा नाही. यात चूक-बरोबर काही नाही. मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहा."

मी म्हणालो, "मनात येईल ते मोठ्यानं बोललो तर बायको घरात घेईल का?"

ती हसली नाही. कामात असताना ती हसत नसे. मी एके ठिकाणी अडलो आणि विचारलं, "इथं काय दाबू?" तर म्हणते, "तुम्हाला काय वाटतं?" मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मी चिडलो. अगं, माहीत आहे तर सांग की! पण तो तिचा धर्म होता. टेस्ट घेणाऱ्यानं सांगायचं नाही, बोट दाखवायचं नाही, मान हलवायची नाही, मनातून 'हां, तेच' असं झालं तरी चेहरा कोरा ठेवायचा. माणूस एकटा असताना जिथं अडणार तिथं त्याला आपल्यासमोर अडू द्यायचं. मला तिनं वेळ लिहून घ्यायला बसवलं, आणि दुसऱ्याच दिवशी तोंडावर बोट ठेवायची ताकीद दिली, कारण एक आजोबा बटण शोधायला लागले की मी कोपऱ्यातून ओरडायचो, "खाली, खाली! हिरवं!" वीस वर्षांची सवय आहे, जीभ आपोआप सुटते.

माणसं जमवायचं काम तर वरातीसारखं. तिनं यादी केली होती: इतके बाप्ये, इतक्या बाया, इतके शिकलेले, इतके न शिकलेले, प्रत्येकाला वेगळी वेळ. आमच्याकडं एका माणसाला बोलवा, जीपभर माणसं उतरतात. बायकोला बोलावलं की नवरा येतो, नवऱ्याला बोलावलं की बायको, आणि दोघांना सोडायला मेव्हणा. 'परीक्षा नाही' असं कितीदा सांगितलं तरी लोक धुतलेले कपडे घालून, कपाळाला बुक्का लावून यायचे. जातिवंत सोशीक माणसं. ॲप अडलं, गोल चाक फिरत राहिलं, तरी विचारल्यावर उत्तर एकच, "लई भारी हाय. कायबी अडचन न्हाई." वनमाला लिहून घ्यायची: तोंडानं भारी म्हणाले, हात मात्र चार मिनिटं थांबले. पुण्याच्या लोकांना तोंडाचं कळतं, हातांचं कळायला वनमाला लागते.

त्या फेरीत ॲप सपशेल आपटलं, आणि ते एकाच रकान्यावर. 'एकूण कामगार संख्या.' कुणी घरातली सगळी डोकी मोजली, पाळण्यातल्या पोरासकट. एकानं अख्ख्या टोळीचा आकडा टाकला. एका बाईनं विचारलं, बैल धरायचे का. बारापैकी नऊ जण तिथं अडकले.

रात्रंदिवस ती त्याच रकान्याचा विचार करत होती आणि मग तिनं अहवालात लिहिलं की आमच्याकडं तोडीला जाणारं माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. लोकांचा शब्द वापरा. 'कोयते किती?' एवढंच विचारा.

अभिमन्यू सरांचा फोन आला तेव्हा मी पार्टिशनच्या अलीकडं होतो. प्लायवूडच्या आरपार सगळं ऐकू येतं. ते खूश होते. म्हणाले, हेच आम्हाला पुण्यात बसून सुचलं नसतं. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे एक कोयता म्हणजे एक, बरोबर ना?"

आणि वनमाला म्हणाली, "हो सर. एक कोयता म्हणजे एकच."

मीही ऐकलं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. एक कोयता म्हणजे एकच की. त्यात विचारण्यासारखं काय आहे?

दुसरी फेरी गणपती उठल्यावर झाली आणि पाण्यासारखी सरसर पार पडली. 'कोयते किती?' असं दिसलं की लोकांचा चेहराच बदलायचा, ओळखीचं माणूस भेटल्यासारखा. "एक" म्हणायचे, एक दाबायचे. मग पुढं नाव, मग गोलात चेहरा धरून फोटो, आणि कार्ड तयार. दीड मिनिट, पावणेदोन. मी घड्याळ बघून लिहीत होतो आणि मनात माझ्या गल्ल्याचा हिशेब करत होतो, कारण हे असं सोपं झालं तर दसऱ्याला माझ्या दुकानात कोण येणार? वनमालाला तसं बोललोही. ती म्हणाली, "तुमी लॅमिनेशन करा, दादा." पहिल्यांदाच कामाच्या वेळी तिचे दात दिसले.

आठ जण झाले, सगळे जोडीनं आलेले. एकही अडला नाही.

नवव्या भामाबाई, वनमालाच्याच गावच्या. पन्नाशीच्या, अंगानं काटक. नवरा सात-आठ वर्षांपूर्वी वारला, तेव्हापासून पुतण्याच्या टोळीत एकट्या जातात. यादीत 'एकटी जाणारी महिला' असा एक रकाना होता, त्यात वनमालानं त्यांना मुद्दाम घेतलं होतं. मोबाईल त्यांच्या सवयीचा होता, वाचता येत होतं. भराभर पुढं गेल्या आणि 'कोयते किती?' वर थांबल्या.

"ताई, ह्याच्यात अर्धा कुठं लिव्हायचा?"

वनमाला म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? हितं एक हाय, दोन हाय, तीन हाय. मी तर अर्धीच हाय."

आमच्याकडचं कुणीही हे वाचत असेल तर त्याला सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. एक कोयता म्हणजे एक माणूस नव्हे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते, तीही तोडते. हिशेब जोडीचा, बोली जोडीची. एकटा बाप्या किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. हे आम्हाला इतकं माहीत आहे की माहीत आहे हेही आम्ही विसरलो होतो.

भामाबाईंनी शून्य दाबून पाहिलं. ॲपनं घेतलं नाही. टिंब शोधलं, नव्हतं. मागे गेल्या, पुढे आल्या. मी घड्याळ बघत होतो, चार मिनिटं, सहा, आठ. माझी जीभ दातांखाली होती. मला वाटत होतं वनमाला आता सांगेल, एक दाबा म्हणून, पण ती काही सांगत नव्हती. आधी मला तिचा राग आला, काय हा कोरडेपणा. मग मी तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं. ती भामाबाईंकडं बघतच नव्हती. ती भिंतीला लावलेल्या कागदांकडं बघत होती, जिथं आधीच्या आठ जणांची कार्डं छापून चिकटवली होती. आठ कार्डं, आठ बाप्ये.

अकराव्या मिनिटाला भामाबाईंनी एक दाबलं. "खोटंच लिव्हलं बगा," त्या म्हणाल्या. "अर्धीनं एक लिव्हलं. मुकादम आरडला तर तुमचं नाव सांगीन." त्यांचं कार्ड तयार झालं. त्यावर त्यांचा फोटो आणि त्यांचं नाव होतं.

उरलेल्या तीन जोड्या वनमालानं तशाच पार पाडल्या. टेस्ट मध्येच बदलायची नाही, असा नियम. तिन्ही जोड्यांनी एक दाबलं, तिन्ही कार्डांवर नवऱ्याचं नाव. शेवटच्या जोडीत तर मोबाईल बाईच्या हातात होता. बाईनं स्वतः टाईप केलं, आणि नावाच्या जागी नवऱ्याचं नाव घातलं. वनमालानं विचारलं, तुम्ही हे नाव का निवडलंत? बाई म्हणाली, "कोयता ह्यांचाच न्हाई का?"

संध्याकाळी लोक गेल्यावर वनमालानं सगळी रेकॉर्डिंग पुन्हा लावली. मला हाक मारली. "दादा, फोटोच्या वेळंला बघा." मी बघितलं. नवरा गोलात तोंड धरतो, मागं खांद्यापाशी बायकोचा पदर दिसतो, आणि मग ती दोन पावलं बाजूला सरकते. फोटो स्वच्छ यावा म्हणून. एकीनं नाही, सगळ्यांनी. कुणी सांगितलेलं नव्हतं. मी रोज त्याच खोलीत होतो, चार हातांवर, आणि मला ते दिसलं नव्हतं. माझं काम वेळ लिहायचं होतं. वेळ छान होती.

"मी सांगितलं एक म्हणजे एकच," वनमाला म्हणाली. "मीच सांगितलं. माझी माय तीस वर्सं त्या कोयत्यात हाय आणि मी सांगितलं एकच."

मी तिला समजावलं की चूक अजून कागदावरच आहे, कळव, दुरुस्त होईल. पण मलाही कळत होतं की तिला कशाची भीती वाटतेय. ज्या शब्दामुळं तिचं कौतुक झालं होतं, ज्या शब्दावर पुण्याची नोकरी उभी होती, तोच शब्द खोटा होता, आणि ते सांगायचं होतं तिनंच. न सांगितलं तर कुणाला कळणारही नव्हतं. आकडे सोन्यासारखे होते. बारापैकी अकरा पास, सरासरी पावणेदोन मिनिटं.

दोन दिवस ती दुकानाकडं फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि माझ्यासमोर अहवाल पाठवला. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की 'कोयते' हा शब्द मी सुचवला आणि तो चुकीचा आहे, या नोंदणीत विवाहित बाई कुठंच येत नाही. मला तिचा अभिमान वाटला. तोंडावर तसं बोललो नाही, चहा मागवला.

फोन आला. पुन्हा प्लायवूड. अभिमन्यू सर वाईट माणूस नाही, हे मला कबूल करावं लागतं. शिव्या द्यायला सोपं गेलं असतं. ते शांतपणे म्हणाले की मुद्दा फार महत्त्वाचा आहे, पण एका नोंदीला एकच नाव असा सगळ्या ॲपचा सांगाडा ठरून गेलाय, नवरात्रात ते सुरू होणार, संस्थेनं तारीख जाहीर केलीय. पुढच्या हंगामात बघू.

"सर, पुढच्या हंगामापर्यंत सहा महिने बाया फडात असतात."

"मान्य आहे. पण वनमालाताई, टेस्टमध्ये यावर कुणी अडलं का?"

तिनं कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "फक्त भामाबाई अडल्या."

"मग त्यांचं आपण या फेरीतच दुरुस्त करू," ते म्हणाले.

आणि केलं की त्यांनी. आठवड्याभरात 'कोयते किती?' खाली नवं बटण आलं, 'अर्धा'. सोबत वनमालाला पत्र आलं: पुण्यात कायमची जागा, दसऱ्यानंतरच्या सोमवारपासून रुजू. पत्रात दोन गोष्टींबद्दल खास कौतुक होतं, लोकभाषेतला शब्द सुचवल्याबद्दल आणि एकट्या महिलांची अडचण वेळेत लक्षात आणून दिल्याबद्दल. तिनं ते पत्र माझ्याकडून छापून घेतलं आणि वाचताना अशी बसली की मी पंखा वाढवला.

"जाणार का?" मी विचारलं.

"न गेले तर काय व्हईल, दादा? ॲप थांबंल का? मी शेळीपाशी, ॲप फडात."

"मग जा. आत जाऊन बदल."

"आत गेल्यावर माझंच कौतुक मलाच खोडावं लागणार," ती म्हणाली. तिनं हो कळवलं होतं आधीच, भावाच्या पोरींना वसतिगृहात घालायचं घरी ठरलंही होतं. मला कळत होतं की दार उघडलं खरं, पण आत जायला तिला त्याच बायांच्या नावांवर पाय द्यावा लागत होता. मी तिला धीर देणारं काहीतरी बोललो. काय बोललो ते आता आठवत नाही, म्हणजे निकामीच असणार.

नवरात्रात ॲप सुरू झालं. माझ्या दुकानात खरंच कुणी भरून घ्यायला येईना, सगळे आपापले भरायचे आणि कार्ड छापायला तेवढे यायचे. मी छापत होतो. बाप्या, बाप्या, बाप्या. पन्नासाव्या कार्डापर्यंत मोजलं, मग सोडून दिलं. मध्ये कधी एखाद्या बाईचं कार्ड आलं की समजायचं, विधवा. या यादीत बाईचं नाव चढायचं तर नवरा मेलेला पाहिजे, असं मी एकदा मोठ्यानं म्हणालो, आणि रांगेतले लोक हसले. मी विनोद केलेला नव्हता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वनमालाचे आईबाप आले. परवा त्यांची गाडी निघणार होती. धर्मराजमामांनी खुर्चीवर बसता बसता खिशातून मोबाईल काढला. शिकले चौथी, पण ताठा असा की माझ्याकडं बघेनात. "आमच्या पोरीनं केलंय हे. माझं मीच भरणार." भिवराबाई मामी मागं उभ्या, हातात पिशवी, लेकीचं कौतुक तोंडभर. वनमाला दाराशी उभी होती.

मामांनी दाबलं, एक.

"आबा, थांबा," वनमाला म्हणाली. "मायचं नाव?"

"आगं, एक कोयता म्हनलं की आली की तुझी माय त्यात."

"न्हाई येत. त्यात एकच नाव बसतंय."

"मग दोन लिव्हू? दोन लिव्हलं की चार मानसं झाली. मुकादम म्हनल, चौघं कुठायत? कुठून आणू?"

ते बरोबर होतं. एक लिहिलं तर बाई जाते, दोन लिहिलं तर चौघं होतात. खरं लिहायला त्या पानावर जागाच नव्हती. मग वनमालानं स्वतःचा मोबाईल काढला. तिनं हे आधी ठरवलेलं असणार, कारण पान उघडलेलंच होतं. "माय, तुझी नोंद माझ्या नंबरावरून वेगळी करू. हे बघ, हितं फकस्त अर्धा दाबायचं. तुझं नाव येईल, तुझा फोटो येईल. फडात काय झालं तर दवाखाना तुझाबी व्हईल."

मामींनी पिशवी खाली ठेवली.

"अर्धा?"

"हां, माय. नुसतं बटण हाय ते."

"आगं ये, नवरा जिता हाय माझा. समोर बसलाय. दसऱ्याच्या सनासुदीला मी अर्धी कावून लिवू?" त्यांचा हात गळ्यातल्या मण्यांवर गेला. "भामीनं लिवावं. तिच्या नशिबी आलं ते. माझ्या हातानं मी असं लिवनार न्हाई. तूबी लिवू नको."

"माय, कुणी बघत न्हाई ते."

"मी बघतेय की."

वनमालानं मोबाईलकडं पाहिलं. बटण हिरवं होतं, दाबायला सोपं होतं, आणि दाबायला एक क्षण लागला असता. आईला कळलंही नसतं. पण तिनं दाबलं नाही. मला कोपऱ्यातून ओरडावंसं वाटलं, दाब गं, दाब. मी ओरडलो नाही. त्या बाईच्या हाताकडं बघून माझी जीभ हलली नाही.

मामांनी फोटो काढला. गोलात त्यांचा चेहरा आला, आणि मामी दोन पावलं बाजूला झाल्या. मी कार्ड छापलं. 'कोयते: एक. धर्मराज.' खाली शिक्का.

कार्ड मी लॅमिनेशनला टाकणार तेवढ्यात वनमालानं माझ्या हातातून घेतलं. माझ्या काउंटरवरचं पेन उचललं आणि कार्डाच्या पाठीवर लिहिलं, 'भिवराबाई'. मोठ्या, ठळक अक्षरांत, शाळेच्या फळ्यावर लिहावं तसं. लिहून झाल्यावर ती रडायला लागली. मी तिला चार महिन्यांत पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

मामींना वाचता येत नव्हतं, पण त्यांच्या नावाचा आकार त्यांना येत होता, लेकीनंच सही शिकवली होती. त्यांनी कार्ड हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि घाबरल्या.

"हे काय केलंस, वनू? सरकारी कागदावर पेन चालवतेत का? ह्यांचं कार्ड बाद व्हईल. दवाखान्यात दाखवायला गेलं तर म्हनतील, खाडाखोड हाय."

"सरकारी न्हाई ते, माय."

"छापलेलं हाय ना? शिक्का हाय ना?" मग माझ्याकडं वळल्या. "भाऊ, हे फाडून टाका आन दुसरं काढा. तेच काढा. पन कोरं."

मी वनमालाकडं बघितलं. ती पेनाला टोपण लावत होती. मी दुसरं कार्ड छापलं. मामींनी ते आधी पाठीमागून बघितलं, नखानं चाचपलं, कुठं काही लिहिलेलं नाही याची खात्री केली, मग पुढून नवऱ्याचा फोटो बघितला.

"आता चांगलं निगालं," त्या म्हणाल्या आणि ते माझ्या हातात दिलं. मी ते लॅमिनेशनला टाकलं.